सासूबाईंनी मागितलेली बिस्किटं

पुण्याला जायचं ठरलं की घरात आणि शेजारीपाजारी काय सुरू होतं, ते तुम्हाला मी वेगळं सांगायला नको. नागपूरकरांच्या घरातून एक माणूस पुण्याला निघालं की त्याच्याबरोबर चार रिकाम्या पिशव्या आणि पाच याद्या निघतात. गेल्या डिसेंबरात, म्हणजे २०२४ च्या, मी धाकट्या बहिणीकडे आठ दिवस जायचं ठरवलं तेव्हाही तेच झालं. नणंदेला बाकरवडी हवी होती, तीही चितळ्यांचीच. समोरच्या वहिनींना तुळशीबागेतून देवाचं काहीबाही हवं होतं. मुलीने फोनवरून सांगितलं की मला काही आणू नकोस, तू फक्त नीट जा आणि नीट ये. (ही मुलगी माझी आई आहे की मी तिची, असा मला हल्ली प्रश्न पडतो.) आमच्या ह्यांनी नेहमीप्रमाणे "मला काय आणायचंय?" म्हणून पेपरात डोकं घातलं.

सासूबाई मात्र काही बोलल्या नाहीत. त्याचं मला नवलही वाटलं नाही. १९९३ साली मी ह्या घरात आले. तेव्हापासून त्यांनी माझ्याकडे कधी म्हणून काही मागितलेलं मला आठवत नाही. साडी आणली तर "कशाला गं?" आणि नाही आणली तर तेही चाललं. अशा बायका तुमच्याही घरात असतील. त्यांना काय आवडतं हे आपल्याला माहीत नसतं, आणि खरं सांगू का, माहीत नाही हेही आपल्या बरेच दिवस लक्षात येत नाही.

निघायच्या आदल्या दिवशी दुपारी मी बहिणीसाठी संत्री निवडून पिशवीत भरत होते. सासूबाई स्वयंपाकघरात आल्या, मागे वळून एकदा पाहिलं आणि हळूच म्हणाल्या, "काय करून राहिली गं?"

"संत्री भरतेय, आई."

"हं." मग जरा वेळाने, "तिथं कॅम्पात एक बेकरी आहे म्हणतात. इराण्याची. तिथली ती बिस्किटं... जमलं तर आण थोडी. नाही जमलं तर राहू दे."

मी संत्रं हातात धरून त्यांच्याकडे बघतच राहिले. सासूबाई चौऱ्याहत्तर वर्षांच्या आहेत. बेकरीतला पावदेखील त्यांनी आमच्या घरात कधी खाल्लेला नाही. मुलं लहान असताना वाढदिवसाचा केक आणला, तर तो बैठकीत कापायचा आणि बशा वेगळ्या धुवायच्या, असा नियम. त्या बाईने बिस्किटं मागावीत! तीही नाव-पत्त्यासकट!

मग त्या खुर्चीवर टेकल्या आणि मला ती गोष्ट समजली.

ही १९७४ सालची गोष्ट. सासूबाईंच्या लग्नाला तेव्हा चार वर्षं झाली होती. मामंजींना ऑफिसतर्फे महिनाभराच्या ट्रेनिंगसाठी पुण्याला पाठवलं होतं. येताना त्यांनी एक खोकं आणलं. कयानी बेकरीची श्रूजबेरी बिस्किटं. महालातल्या आमच्या ह्याच घरात तेव्हा अकरा माणसं राहत होती, आणि घर चालायचं ते आजेसासूबाईंच्या सोवळ्यावर. मामंजींनी खोकं बैठकीतल्या कोनाड्यात ठेवलं. आजेसासूबाईंनी विचारलं, "काय आहे त्यात?" मामंजी म्हणाले, "बिस्किटं. पुण्यात सगळे खातात." आजेसासूबाई म्हणाल्या, "त्यात अंडं असतं म्हणतात." संपलं. कोणी वाद घातला नाही. त्यांनी ते खोकं पदराने उचललं, बाहेर ओट्यावर नेऊन ठेवलं, आणि दूधवाल्याबरोबर त्याची दोन पोरं आली होती, त्यांना म्हणाल्या, "खा रे."

"मी आत भांडी घासत होती," सासूबाई म्हणाल्या. "पोट्ट्यांनी तिथंच बसून सगळं संपवलं. कुरूम कुरूम आवाज येऊन राहिला होता. आणि वास काय गं तो! आपण लोणी कढवतो ना, तसा. एवढ्या अंगणातून आत आला." मामंजी त्यांना रात्री म्हणाले होते, पुढच्या वेळी तुझ्यासाठी लपवून आणीन. ती पुढची वेळ आली नाही. २००९ साली मामंजी गेले. त्यांनी कधी आठवण काढली नाही, आणि सासूबाईंनी कधी करून दिली नाही.

मी विचारलं, "आणि मामंजींनी खाल्ली होती का हो ती?"

"महिनाभर रोज," सासूबाई हसत म्हणाल्या. "बाहेर खाल्लेलं चालतं ना पुरुषांना."

*

माझ्या माहेरी असं नव्हतं. माहेर अमरावतीचं. वडील गॅलरीत स्टोव्ह मांडून ऑम्लेट करायचे, त्याचा तवा वेगळा, पण तवा होता! आणि बेकरी म्हणजे आमच्या उन्हाळ्याच्या सुट्टीचा अर्धा आनंद. तुमच्यापैकी ज्यांची लहानपणं सत्तरच्या आसपासची आहेत त्यांना नानकटाईचा डबा आठवतच असेल. घरूनच रवा, मैदा, पिठीसाखर आणि तूप न्यायचं, आणि कोपऱ्यावरच्या बेकरीतून भाजून आणायचं. आई रात्रीपासून तयारीला लागायची. तुपाचा डबा ती कधी आम्हा मुलींच्या हाती द्यायची नाही, स्वतः छातीशी धरून न्यायची. बेकरीत बायकांची ही गर्दी! कुणाचं तूप पातळ झालेलं, कुणाची वेलदोड्याची पूड विसरलेली. भट्टीवाले चाचा मोठ्या परातीत तूप-साखर फेसायचे, आणि आपल्या तुपातलं चमचाभरही इकडेतिकडे जाऊ नये म्हणून प्रत्येक बाई त्यांच्या हाताकडे डोळे लावून उभी. पत्र्यांची अदलाबदल होऊ नये म्हणून खुणा असायच्या. आमच्या आईची खूण म्हणजे मधोमध एक चारोळी. शेजारच्या काकूंची लाल चेरी, त्यामुळे त्यांची नानकटाई आम्हाला फार श्रीमंत वाटायची. मग चाचा लांब दांड्याच्या फळीने पत्रे आत सरकवायचे, आणि पाचेक मिनिटांत असा वास सुटायचा की रांगेतली सगळी पोरं एकदम गप्प.

त्या वासावरूनच सासूबाई काय म्हणत होत्या ते मला लगेच कळलं. नानकटाई काय आणि श्रूजबेरी काय, दोन्ही एकाच जातकुळीतल्या. आपण करंजीच्या पिठात मोहन घालतो ते कशासाठी? तूप पिठाच्या कणाकणाला लागतं, मग पाण्याने मैद्यात जो चिवटपणा येतो तो येऊ शकत नाही, आणि करंजी खुसखुशीत होते. ह्या बिस्किटांत मोहन हेच मुख्य आणि मैदा त्याच्या सोबतीला, असं समजा. तूप किंवा लोणी साखरेबरोबर पांढरं होईतो फेसलं की त्यात हवा कोंडते, आणि जिभेवर ठेवताच बिस्किट विरघळल्यासारखं होतं. घरी करायची असतील तर एक वाटी तूप, एक वाटी पिठीसाखर आणि दोन वाट्या मैदा हे साधं माप ध्यानात ठेवा. मैदा घातल्यावर मात्र मळत बसू नका, नुसता गोळा जमेल इतकंच हाताळा. मळलंत की सगळं मुसळ केरात!

पण सासूबाईंना घरची नको होती. मी बोलून पाहिलं, "आई, मी घरीच करून देऊ का, बिनअंड्याची?" त्यांनी मान हलवली. "ती नाही गं," म्हणाल्या.

*

महाराष्ट्र एक्स्प्रेसने एक रात्र काढून मी पुण्याला उतरले. बहीण राहते शुक्रवार पेठेत, जुन्या वाड्याच्या जागी उभ्या राहिलेल्या इमारतीत. पहिले दोन दिवस गप्पांत गेले. तिसऱ्या दिवशी मी म्हटलं, आधी बिस्किटं. बहीण म्हणाली, "सकाळी लवकर निघू, ती बेकरी दुपारी बंद असते." पण आम्ही दोघी बहिणी भेटल्यावर लवकर कसलं निघणं होतंय! रिक्षा मिळाली तेव्हा बारा वाजून गेले होते.

रिक्षा गुरुवार पेठेतून निघाली आणि बहिणीने बोट करून दाखवलं, "ते बघ, पंचहौदचं चर्च." उंच घंटाघर दिसलं आणि मागे पडलं. माझ्या डोक्यात मात्र ते पुढे सगळा रस्ताभर राहिलं. तुम्ही रमाबाई रानड्यांचं 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' वाचलं असेल तर तुम्हाला ते प्रकरण माहीत असेल. १८९० सालची गोष्ट. ह्या पंचहौद मिशनात पुण्यातल्या प्रतिष्ठित मंडळींना व्याख्यानाला बोलावलं होतं. न्यायमूर्ती रानडे होते, लोकमान्य टिळक होते. नंतर चहा आणि बिस्किटं पुढे आली. कुणी घेतली, कुणी कप नुसता हातात घेऊन बाजूला ठेवला. आणि आनंदीबाई जोशींचे यजमान, ते गोपाळराव, त्यांनी हजर असलेल्यांची नावं वर्तमानपत्रात छापून आणली! मग काय विचारता! ख्रिस्त्यांच्या हातचं खाल्लं म्हणून मोठं ग्रामण्य झालं. ह्या मंडळींना वाळीत टाकलं, त्यांच्याकडच्या कार्याला भटजी मिळेनात, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं. पुढे रानड्यांनीही मित्रांच्या अडचणी पाहून प्रायश्चित्त घेतलं.

एका चहा-बिस्किटापायी! मी रिक्षात बसून विचार करत होते की चहा तर ह्या पुरुषांनी घेतला. पण ज्यांच्या मुली बाळंतपणाला माहेरी यायच्या होत्या, ज्यांच्या घरी श्राद्धपक्ष होता, त्या घरांतल्या बायकांना चहाचा घोट नाही की बिस्किटाचा तुकडा नाही, आणि वाळीत मात्र त्याही. सोवळं सांभाळायचं बाईने आणि ते मोडण्याची मुभा पुरुषाला, ही वाटणी तशी फार जुनी. आणि सांभाळणारीही बाईच, मोडू न देणारीही बाईच! आमच्या आजेसासूबाई काही दुष्ट नव्हत्या हो. मी त्यांना पाहिलं नाही, पण सगळे सांगतात की पोटात माया फार. त्या दूधवाल्याच्या पोरांना त्यांनी प्रेमानेच "खा रे" म्हटलं असणार.

*

ईस्ट स्ट्रीटवर आम्ही पोचलो तेव्हा एक वाजून दहा मिनिटं झाली होती आणि दुकान बंद. चूक सर्वस्वी आमची. बहीण माझ्याकडे बघून म्हणाली, "पुण्याचं पाणी इराण्यालाही लागलं बघ." दुपारच्या झोपेवरून पुणेकरांची चेष्टा करण्यात आपण नागपूरकर पटाईत, पण पंचेचाळीस-सेहेचाळीस डिग्रीत आपली बाजारपेठ दुपारी काय करते हे मी तिला सांगितलं नाही.

घरी परत जाण्यात अर्थ नव्हता. मेन स्ट्रीटवर थोडं हिंडलो, बहिणीने बुधानींचे वेफर्स घेतले (यादीत नव्हते, तरी घेतले), आणि परत येऊन बघतो तर बंद दाराशी आधीच दहा-बारा माणसं उभी. नाताळ चार दिवसांवर आलेला, त्यामुळे गर्दी जास्त. आम्हीही उभ्या राहिलो.

रांगेत उभं राहण्याचं एक सुख असतं, बरं का. समोर कुणी ना कुणी माहिती देणारं भेटतंच, आणि पुण्यात तर भेटतंच भेटतं. आमच्या पुढे एक पांढऱ्या मिशांचे निवृत्त गृहस्थ होते. त्यांनी समोरच्या व्हिक्टरी थिएटरकडे हात करून सांगितलं की ते जुनं कॅपिटॉल. इथेच १९४३ च्या जानेवारीत, छोडो भारतच्या चळवळीत, क्रांतिकारकांनी बॉम्ब उडवला होता आणि त्यात गोरे सोल्जर मेले होते. कॅम्पातला हा सगळा भाग मुळात गोऱ्या पलटणीचा. त्यांच्या जिभेला लागणारे पाव, केक, बिस्किटं इथेच भाजली जायची. गोरे गेले, भट्ट्या राहिल्या, आणि त्यांच्यापुढे आता आपण उभे! कयानी बंधूंनी ही बेकरी सुरू केली ती मात्र स्वातंत्र्यानंतर, १९५५ साली. मूळची ही मंडळी इराणातली, जरथुष्ट्री. यझ्द आणि करमान ह्या भागातून छळाला आणि गरिबीला कंटाळून गेल्या दीडशे वर्षांत त्यांच्यातले पुष्कळजण मुंबई-पुण्याकडे आले आणि चहाची हॉटेलं, बेकऱ्या काढून राहिले. कयानी हे शाहनाम्यातल्या एका राजघराण्याचं नाव, अशीही भर त्या गृहस्थांनी घातली. राजघराण्याचं नाव आणि धंदा बिस्किटांचा, मला ते फार आवडलं.

"आणि श्रूजबेरी म्हणजे काय हो?" माझ्या मागच्या सोलापूरच्या बाईंनी विचारलं.

"गावाचं नाव," गृहस्थ म्हणाले. "इंग्लंडातलं. डार्विनचं जन्मगाव."

हे मात्र मी घरी येऊन ताडून पाहिलं आणि ते अगदी खरं निघालं. वेल्सच्या सीमेजवळ सेव्हर्न नदीकाठी श्रूजबरी नावाचं गाव आहे आणि चार्ल्स डार्विनचा जन्म १८०९ साली तिथलाच. तिथल्या ह्या गोड, पातळ, ठिसूळ बिस्किटांची कृती १६५८ साली छापलेल्या एका पाकपुस्तकातसुद्धा सापडते, म्हणजे आपल्या शिवाजीमहाराजांच्या काळातली! गंमत म्हणजे गावाचं नाव 'श्रूजबरी' म्हणायचं की 'श्रोजबरी', यावर तिथल्या लोकांचंच अजून एकमत नाही. तेव्हा पुण्यात त्याचं श्रूजबेरी झालं तर कुणी कुणाला हसायचं कारण नाही.

आणि मग सोलापूरच्या बाईंनी तो दुसरा प्रश्न विचारला. "यात अंडं असतं का हो?"

गृहस्थ म्हणाले, "मावा केकात असतंच. बिस्किटांचं आत विचारा, ते सांगतील."

मैत्रिणींनो, इथे माझ्या छातीत धस्स झालं. घरून निघाल्यापासून हा प्रश्न मी स्वतःशीदेखील नीट केला नव्हता. पन्नास वर्षं ज्या बाईने अंड्याला शिवलं नाही, जिला कुणी सक्ती केली म्हणून नव्हे, तर आता ते तिचंच व्रत होऊन बसलंय म्हणून, तिच्या हातात मी हे काय नेऊन ठेवणार होते? विचारलं आणि "नाही" म्हणाले, तर उत्तम. "हो" म्हणाले, तर? मग नेता येणार नाही. म्हणजे नेता येईल, पण मग मला सांगावं लागेल. आणि सांगितलं की सासूबाई म्हणतील, "राहू दे गं." ते त्यांचं "राहू दे" मला एकतीस वर्षांनी कुठे नीट ऐकू आलं होतं.

दार उघडलं. रांग आत सरकली. आत दिखाऊ असं काही नाही, जुन्या वळणाचं साधं दुकान, आणि काउंटरपाशी माणसंच माणसं. पण तो वास! माझी आई तुपाचा डबा छातीशी धरून शेजारी उभी आहे असा मला भास झाला. आतल्या माणसांचे हात असे चाललेले की आपण बोलेपर्यंत पुढचा नंबर. "काय देऊ?" त्यांनी विचारलं.

"श्रूजबेरी. अर्ध्या किलोची चार," मी म्हटलं.

विचारायला एक क्षण लागला असता. माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. मागच्या सोलापूरच्या बाई विचारणारच होत्या, त्यांचं उत्तरही आपोआप कानावर पडलं असतं. मी पैसे दिले, खोकी उचलली आणि जवळजवळ पळतच बाहेर आले. बहीण म्हणाली, "अगं, मावा केक?" मी म्हटलं, "उद्या."

घरी येऊन मी बहिणीला म्हटलं, "ही सगळी बिस्किटं तू डब्यात भर. मी चहा टाकते." हल्ली खाण्याच्या पाकिटांवर हिरव्या-तपकिरी खुणा असतात, बारीक अक्षरांत काय काय लिहिलेलं असतं. चष्मा लावला की दिसतं. मी चष्मा लावला नाही. बहिणीने एकदा माझ्याकडे पाहिलं, काही विचारलं नाही, आणि मोकळी खोकी तिनेच केरात टाकली.

तुम्ही मला काय म्हणाल ते म्हणा. मी त्या रात्री नीट झोपले नाही.

*

अशी ठिसूळ बिस्किटं लांबच्या प्रवासाला न्यायची असतील तर एवढं करा. पत्र्याचा उभा डबा घ्या, तळाला टिपकागद किंवा जाड वर्तमानपत्रावर साधा पांढरा कागद घाला, आणि बिस्किटं आडवी न ठेवता, पुस्तकं फळीवर उभी लावतात तशी लावा. वरची पोकळी चुरगळलेल्या कागदाने गच्च भरा. डब्याला हलायला जागा मिळाली की घरी पोचेपर्यंत चुरा. आणि ज्या पिशवीतून जाताना संत्री नेली तिच्यात येताना बिस्किटं घालू नका. सगळ्यांना संत्र्याचा वास लागतो. (हे मला कसं कळलं ते विचारू नका. नणंदेच्या वाटणीची त्या पिशवीत होती.) घरी आल्यावर मऊ पडली तर गरम तव्यावर जाळी ठेवून त्यावर मंद आचेवर दोन-तीन मिनिटं ठेवा आणि पूर्ण गार होऊ द्या. गार झाल्यावरच कुरकुरीत होतात, गरम असताना घाई करून चाखू नये.

नागपूरला पोचले ती सकाळ चांगलीच गार होती. अंघोळ करून मी चहा ठेवला. आमचे हे फिरायला गेले होते. सासूबाई देवपूजा आटपून आल्या आणि डब्याकडे बघून काहीच बोलल्या नाहीत. मीच झाकण काढलं. त्यांनी वाकून वास घेतला. डोळे मिटून घेतला, अत्तराचा घेतात तसा.

"विचारलं का गं?" त्या म्हणाल्या.

काय ते सांगायची गरज नव्हती. मी म्हटलं, "नाही."

त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मला वाटलं, आता म्हणतील राहू दे. मग म्हणाल्या, "बरं केलं."

मी बशी काढायला वळले, तर त्यांनी मला थांबवलं. "घरात नको. चहा घेऊन ओट्यावर ये."

आमच्या घराचा तो ओटा अजून तसाच आहे, फरशी तेवढी बदलली. सासूबाई पदर खोचून तिथे उन्हात बसल्या. मी बशीत चार बिस्किटं ठेवली. त्यांनी एक घेतलं, उलटसुलट करून पाहिलं आणि सवयीने चहात बुडवलं. आता हे बिस्किट काय ग्लुकोजचं थोडंच आहे! बुडवताक्षणी अर्धं तुटून कपात. "अगं अगं," म्हणत त्यांनी बोटाने काढायला बघितलं, तर तेही विरघळलेलं. मी धावत जाऊन चमचा आणला. येऊन बघते तो त्या एकट्याच हसत होत्या, कवळी दिसेल म्हणून पदर तोंडाशी धरून.

दुसरं त्यांनी कोरडंच खाल्लं. अगदी हळू. समोरून दूध टाकणारा मुलगा मोटरसायकलवरून गेला, ओळखीच्या दोन बायका "आल्या का पुण्याहून?" म्हणून विचारून गेल्या, आणि सासूबाई कुणाकडेही न बघता चावत होत्या.

"कसं लागलं, आई?"

"जरा खारट आहे गं," त्या म्हणाल्या. "मला वाटलं होतं पुष्कळ गोड असेल." आणि बोटांना लागलेला चुरा त्यांनी जिभेने टिपून घेतला. "किती आणली?"

"दोन किलो. त्यातली अर्धी वन्संची आहेत."

सासूबाईंनी बशीतलं तिसरं बिस्किट उचललं.

"तिला पाव किलो दे," त्या म्हणाल्या. "तिला बाकरवडी आणली आहे ना?"